जवळ येणाऱ्याने आधी सांगावं

एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेने चार दिवसांच्या अंतराने दोन यानं वर पाठवली. दोघांना करायचं होतं ते साधारण एकच: खालून कुणी हाकल्याशिवाय, आपल्या डोक्याने, कक्षेतल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या जवळ जायचं. ११ तारखेला गेलं ते हवाई दलाचं, एक्सएसएस-११. १५ तारखेला गेलं ते नासाचं, डार्ट. एकाचा मालक लष्कर, दुसऱ्याचा नागरी संस्था. यातल्या कुणाची भीती वाटायला हवी असं विचारलं तर दहातले नऊ जण पहिल्याकडे बोट दाखवतील. धडकलं मात्र दुसरं.

एक्सएसएस-११ वजनाला शंभर किलोच्या आसपास. न्यू मेक्सिकोतल्या कर्टलंड तळावर हवाई दलाची संशोधन प्रयोगशाळा आहे, तिने ते लॉकहीड मार्टिनकडून बनवून घेतलं होतं. कॅलिफोर्नियातल्या व्हॅंडेनबर्ग तळावरून मिनोटॉर अग्निबाणाने ते वर गेलं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याने त्याच अग्निबाणाचा रिकामा झालेला शेवटचा टप्पा निवडला. अर्धा ते दीड किलोमीटर अंतर राखून त्याच्याभोवती पंचाहत्तरहून जास्त प्रदक्षिणा घातल्या. प्रदक्षिणा हा शब्द मी सजावटीसाठी वापरत नाही. दोन वस्तू पृथ्वीभोवतीची फेरी अगदी सारख्या वेळात पुरी करत असतील, पण एकीची कक्षा जराशी लांबट असेल, तर ती दुसरीच्या कधी खाली, कधी पुढे, कधी वर, कधी मागे अशी सरकत राहते. दुसरीवर बसून पाहिलं तर पहिली आपल्याभोवती फिरतेय असंच दिसेल. साधारण शंभर मिनिटांत एक फेरा, आणि त्याला इंधन जवळजवळ लागतच नाही. नुसतं निरखत राहायचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. कक्षेत समोरच्याला गाठायचं तर वेग वाढवून चालत नाही, वाढवलात की वरच्या कक्षेत चढता आणि मागे पडता. आधी थोडं रेंगाळायचं, म्हणजे खालच्या कक्षेत उतरता, तिथली फेरी लवकर संपते आणि आपण पुढच्याच्या जवळ पोचतो. हायवेवरची सगळी सवय उलटी. त्यात दोन्ही वस्तू सेकंदाला सात-साडेसात किलोमीटरने धावत असतात आणि जमिनीवरच्या केंद्राशी संपर्क अधूनमधूनच असतो. म्हणून यानाला स्वतःचं डोकं द्यावं लागतं.

डार्टला ते इतकं दिलं होतं की जमिनीवरून हुकूम घ्यायची सोयच ठेवली नव्हती. त्याचं लक्ष्य होतं मुबलकॉम हा १९९९ चा जुना उपग्रह. चोवीस तासांचा कार्यक्रम ठरलेला. पण जीपीएसवरून मोजलेल्या वेगात बारीकशी चूक होती. यानातला संगणक आपला अंदाज आणि मोजमाप जुळेना म्हणून गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायचा आणि दर वेळी तीच चूक परत आत घ्यायचा. चुकीची जागा दुरुस्त करायला थ्रस्टर, म्हणजे दिशा बदलणारी छोटी इंजिनं, सोडत राहिला, इंधन भसाभस उडालं. अगदी जवळ गेल्यावर अंतर मोजणारा कॅमेरा ज्या ठरलेल्या बिंदूवर पूर्ण कामाला लागायचा, तो बिंदूच हुकला. अकरा तासांनी इंधन संपलं असं समजून डार्टने आपली आवराआवर सुरू केली. त्याच्या पावणेचार मिनिटं आधी ते मुबलकॉमवर आदळून झालं होतं, आणि त्याला याचा पत्ताही नव्हता.

धडक हलकी होती. माणूस झपझप चालतो तेवढ्या वेगाची. मुबलकॉमची कक्षा थोडी वर सरकली, आणि रीसेट केल्यावर तो परत चालूसुद्धा झाला. दोन्ही वस्तू अमेरिकेच्याच असल्यामुळे कुणी कुणाच्या राजदूताला बोलावलं नाही. चौकशी झाली, पण पूर्ण अहवाल लोकांपुढे आला नाही. २००६ मध्ये सारांश तेवढा मिळाला, कारण उरलेला मजकूर शस्त्रनिर्यातीच्या नियमांत अडकत होता. नागरी यान, नागरी अपघात आणि अहवालाला शस्त्रांचा कायदा!

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून जे म्हणायचंय ते एवढंच, की अशा यानांबद्दल आपण चुकीचा प्रश्न विचारतो. ‘हे शस्त्र आहे का?’ असं विचारतो. अवकाशाचं लष्करीकरण होतंय म्हणून दर दोन वर्षांनी अग्रलेख लिहितो. पण जो हात बिघडलेल्या उपग्रहाची सौरपट्टी सरळ करू शकतो तोच हात चांगल्या उपग्रहाची पट्टी वाकवू शकतो. स्क्रू ड्रायव्हरवर बंदी घालून घरफोड्या थांबत नाहीत. प्रश्न असा हवा: जवळ जाण्याआधी सांगितलं होतं का, आणि गेल्यावर काय केलं ते दाखवलं का? मालकाचा गणवेश कुठलाही असो.

यावर लख्ख प्रकाश टाकणारं एक उदाहरण आहे. इंटेलसॅट ९०१ हा २००१ मध्ये सोडलेला दळणवळण उपग्रह. विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर, अटलांटिकच्या डोक्यावर बसून इमाने इतबारे सिग्नल पोचवायचा. २०१५ मध्ये त्याच्या आणि इंटेलसॅट ७ च्या मधल्या जागेत एक रशियन लष्करी उपग्रह येऊन बसला, लूच नावाचा. न सांगता, काही महिने. कंपनीने जाहीर नाराजी बोलून दाखवली. तो नुसता ऐकत होता, की आणखी काही करणार होता, हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आता पाच वर्षं पुढे या. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच इंटेलसॅट ९०१ ला नॉर्थ्रॉप ग्रमनचं एमईव्ही-१ हे यान नुसतं जवळ आलं नाही, येऊन चक्क चिकटलं. त्याचं इंधन संपत आलं होतं, म्हणून त्याला ढकलायचं काम या नव्या यानाने अंगावर घेतलं आणि म्हाताऱ्या उपग्रहाला पाच वर्षांची जास्तीची नोकरी मिळाली. पहिला पाहुणा शेजारी नुसता उभा होता तर सगळ्यांच्या भुवया उंचावल्या, दुसऱ्याने अंगाला हात लावला तर टाळ्या. मधला फरक तंत्रज्ञानाचा नाही. दुसऱ्याला बोलावलं होतं आणि तो काय करणार ते छापून आलं होतं.

इथे घरचं एक सांगतो. आमच्या मजल्यावर समोरच्या शेजाऱ्यांनी दाराबाहेर कॅमेरा बसवला. त्यांच्या घरी चोरीचा प्रयत्न झाला होता, तेव्हा कारण रास्तच. पण कॅमेऱ्याचं भिंग थेट आमच्या दाराकडे. आठवडाभर मी येता-जाता त्या काळ्या गोळ्याकडे पाहत होतो. बायको म्हणाली, विचारा ना सरळ. मी काही विचारलं नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोघम बोललो, आणि त्यावर ते दुखावले. शेवटी एका संध्याकाळी तेच आले आणि मोबाइल पुढे धरला. म्हणाले, “बघा काका, काय दिसतं ते.” दिसत होतं ते असं: आमचा चपलांचा स्टँड, अर्धं दार, आणि कडीला अडकवलेली दुधाची पिशवी. माझं तोंड बंद. पुढे कमिटीने दोन ओळींचा ठराव केला, कॅमेरा लावण्याआधी समोरच्याला सांगायचं आणि मागितलं तर दाखवायचं. त्यानंतर मजल्यावर आणखी तीन कॅमेरे लागले, भांडण एकही नाही.

अवकाशात दुधाची पिशवी दाखवायला कुणी येत नाही. डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९ या काळात अमेरिकेने मायटेक्स नावाचे आपले दोन छोटे उपग्रह आपल्याच बंद पडलेल्या डीएसपी-२३ या क्षेपणास्त्रसूचक उपग्रहाजवळ नेऊन तो तपासला. तपासणी वाजवीच. पण ते दोघे तिथे फिरू शकतात हे जगाला त्या निमित्ताने कळलं. मग इतरांनी काय समजावं? २०१० मध्ये चीनचा शिच्यान-१२ हा त्यांच्याच दुसऱ्या एका उपग्रहाला पुन्हापुन्हा जाऊन भिडला, बहुधा टेकलाही. चीनकडून खुलासा आला नाही. २०१८ मध्ये फ्रान्सच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री फ्लॉरेन्स पार्ली यांनी जाहीर भाषणात सांगितलं, की तोच रशियन लूच आदल्या वर्षी फ्रान्स-इटलीच्या अथेना-फिडस या लष्करी दळणवळण उपग्रहाच्या जरा जास्तच जवळ आला होता. त्यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं. आणि २०२२ च्या जानेवारीत चीनच्या शिच्यान-२१ ने आपला मेलेला बैदू हा दिशादर्शक उपग्रह ओढत नेऊन दूरच्या स्मशानकक्षेत सोडला. हे खरं तर कौतुकाचं काम. अवकाशातला कचरा उचलायची गरज आहे असं सगळेच घसा फोडून सांगतात, आणि एकाने उचलून दाखवला. तरी पाश्चात्त्य राजधान्यांत त्याचा अर्थ ‘उद्या आमचाही ओढून नेतील’ असाच घेतला गेला. मला यात दोघांचाही दोष दिसतो, पण जास्त त्याचा, ज्याने आधी चार ओळी लिहिल्या नाहीत.

आता यात डार्टचा धडा मिसळा. स्वतः निर्णय घेणारं यान चुकतं, आणि चुकल्याचं त्याला कळतही नाही. समजा उद्या एका देशाचं निरीक्षक यान दुसऱ्याच्या टेहळणी उपग्रहाभोवती न सांगता फिरतंय. त्याचंही गणित असंच घसरलं आणि मध्यरात्री धक्का लागला. ज्याचा उपग्रह बंद पडला त्याच्या नियंत्रण कक्षातला ड्युटीवरचा अधिकारी काय समजेल? वेगाच्या मोजणीत बारीक चूक झाली असेल बिचाऱ्याची, असं? त्याच्यापुढे पडद्यावर असतं ते एवढंच: आपले डोळे मिटले आणि मिटण्याआधी अनोळखी माणूस दारात होता. स्वायत्त यानांत मला सर्वांत धोक्याची वाटते ती ही जागा. हल्ला आणि अपघात दुरून सारखेच दिसतात, आणि जितकी यानं आपल्या डोक्याने चालणार तितकी ‘आम्ही मुद्दाम केलं नाही’ ही सबब खरीही असणार आणि कुणाला पटणारही नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो फालतू नाही. नियम सज्जनांना बांधतात, चोराला नाही. मग आपणच आपले हात का बांधून घ्यायचे? याला उत्तर समुद्रावर सापडतं. १९६० च्या दशकात अमेरिकन आणि सोव्हिएत युद्धनौका एकमेकींच्या अंगावर जाण्याचा खेळ खेळत. मे १९६७ मध्ये जपानच्या समुद्रात वॉकर या अमेरिकन विनाशिकेला लागोपाठ दोन दिवस सोव्हिएत जहाजं घासून गेली. शेवटी २५ मे १९७२ ला मॉस्कोत दोन्ही आरमारांनी करार केला. किती मीटर दूर राहायचं हा आकडा त्यात ठरलाच नाही, त्यावर एकमत होईना. ठरलं ते इतपतच, की दुसऱ्याच्या जहाजावर हल्ल्याचं सोंग करायचं नाही, आपण काय करतोय त्याच्या खुणा द्यायच्या, आणि वर्षातून एकदा दोन्हीकडच्या नौदल अधिकाऱ्यांनी एकत्र बसून वर्षभराच्या तक्रारी काढायच्या. करार करणारे काही सज्जन नव्हते, एकमेकांची शहरं बेचिराख करायच्या तयारीत बसलेले होते. तरी तो करार शीतयुद्धात टिकला, कारण फुकटची धडक दोघांनाही नको होती. म्हणून ‘आमच्या उपग्रहापासून अमुक किलोमीटरच्या आत याल तर याद राखा’ अशा वर्तुळांचा आग्रह मला पटत नाही. आकड्यावर घोडं अडतं. खुणा आणि वार्षिक बैठक, एवढ्यावर सुरुवात होते.

१९६७ च्या अवकाश करारात तसं बीज आहे. चौथ्या कलमात कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला मनाई आहे, नवव्या कलमात दुसऱ्याच्या कामात बाधा येईल असं वाटत असेल तर आधी सल्लामसलत करा असं म्हटलंय. पण बाधा म्हणजे काय, शेजारी उभं राहणं बाधा आहे का, याचं उत्तर तिथे नाही. तेव्हा कुणाला ते सुचण्याचं कारणही नव्हतं. करार झाला त्याच वर्षी, ऑक्टोबरात, कॉसमॉस १८६ आणि १८८ या दोन सोव्हिएत यानांनी माणसाशिवाय पहिली जोडणी केली.

हे सगळं लिहायला आज बसलो ते आपल्यासाठी, कारण आता आपणही त्या दारात उभे आहोत. ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० ने स्पेडेक्सची जोडी वर नेली, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह, एक पाठलाग करणारा, एक लक्ष्य. १६ जानेवारी २०२५ ला ते कक्षेत एकमेकांना जुळले आणि अमेरिका, रशिया, चीननंतर हे करणारा भारत चौथा देश झाला. मला त्यातला जुळण्याचा क्षण तितका आवडला नाही जितके त्याआधीचे दिवस आवडले. ठरलेली तारीख पुढे गेली, एकदा अंतर नको तितकं वाढलं म्हणून परत पुढे गेली, १२ जानेवारीला दोघे तीन मीटरवर येऊन पुन्हा मागे सरले, आणि हे सगळं इस्रोने त्या त्या वेळी जाहीर सांगितलं. ठरलेल्या अंतरांवर थांबायचं, खालून तपासायचं, मग पुढे, अशी रचना होती. डार्टला हुकूम ऐकायचे कानच नव्हते, स्पेडेक्सला होते. स्वायत्त म्हणजे मोकाट नव्हे, याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

पण मग काय झालं? दोन्ही उपग्रह सुटे झाले, एप्रिलमध्ये पुन्हा जुळले, आणि उरलेल्या इंधनावर जवळून जाण्याच्या कसरती सुरू झाल्यावर आपल्या बातम्यांत त्याला ‘डॉगफाइट’ म्हटलं गेलं. लढाऊ विमानांच्या झटापटीचा हा शब्द काही आठवडे आधी अमेरिकेच्या अवकाश दलाचे उपप्रमुख चिनी उपग्रहांच्या कसरतींबद्दल वापरून गेले होते. आपल्या अंगणातल्या दोन पोरांच्या शिवणापाणीला आपणच हातघाई म्हणून मिरवायचं, यात शौर्य कसलं? उद्या आपण खरोखरच एखादा कचऱ्याचा तुकडा उचलायला निघालो की हेच कात्रण समोर येईल.

आपला पूर्वेतिहासही पाटी कोरी असल्याचा नाही. २७ मार्च २०१९ ला मिशन शक्तीत आपण आपलाच मायक्रोसॅट-आर साधारण २८० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. मुद्दाम खालची कक्षा निवडली होती, हे मान्य. तुकडे पंचेचाळीस दिवसांत पडतील असं सांगितलं गेलं, काही मात्र तीन वर्षं वर होते. डिसेंबर २०२२ मध्ये असे उपग्रह फोडण्याचे प्रयोग करणार नाही असं म्हणणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, १५५ देश बाजूने होते आणि आपण तटस्थ राहिलो. बंधनकारक करार हवा, नुसत्या सद्वर्तनाच्या शपथा नकोत, ही आपली जुनी भूमिका. त्यात तथ्य आहे. अण्वस्त्रांच्या बाबतीत ज्यांच्याकडे आधी होतं त्यांनी दार लावून घेतलं आणि आपल्याला पायरीवर ठेवलं, ही जखम दिल्ली विसरत नाही, विसरूही नये. पण त्याच अनुभवातून मला उलटा धडा दिसतो. दार लावलं जाण्याच्या वेळी आत असणाऱ्यांनाच नियम लिहिता येतात. या वेळी आपण आत आहोत. पाचवा, सहावा, सातवा देश येण्याआधी चौथ्याने लेखणी उचलावी.

संरक्षण खात्यातल्या लोकांना यात भोळेपणा वाटेल. आपल्यालाही राखणीला उपग्रह लागतील, शेजाऱ्याचं यान आपल्या कार्टोसॅट या टेहळणी उपग्रहाजवळ आलं तर जाऊन पाहावं लागेल. जरूर पाहावं. मी बनवू नका म्हणत नाहीये. एक्सएसएस-११ सारखं यान भारताने बनवावं, सैन्याच्या पैशाने बनवलं तरी हरकत नाही. फक्त त्याची पहिली फेरी चोरून होऊ नये. सरावासाठी दुसऱ्याच्या दारात जायचीही गरज नाही, पीएसएलव्हीचे कितीतरी रिकामे टप्पे अजून वर भिरभिरतायत, आपल्या मालकीचे, आपल्या नोंदीतले. जपानच्या ॲस्ट्रोस्केल कंपनीने २०२४ मध्ये नेमकं हेच केलं, एका जुन्या जपानी अग्निबाणाच्या टप्प्याजवळ अ‍ॅड्रास-जे हे यान पंधरा मीटरपर्यंत नेलं आणि त्याचे जवळून काढलेले फोटो जगाला दाखवले. त्यांच्या सरकारने त्याआधीच, २०२१ मध्ये, अशा कामांसाठी नियमावली काढून ठेवली होती. त्या फोटोंत टप्प्याची कातडी दिसते. ते बघून कुणाची झोप उडाली नाही.

आपली पहिली सूचना लिहायला फार मोठी समिती लागणार नाही. वस्तू कुणाची: आमची. किती जवळ जाणार: इतके मीटर. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. बिघडलं तर यान आपणहून कुठल्या दिशेने मागे सरेल. रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. आणि फोटो, महिन्याभरात.